बोलका मनोरा

"भिंतीला हात लावून बघा," आर्किटेक्ट म्हणाला.

मोठ्या बाईंनी हात लावला. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, तरी सगळे त्यांना अजून मोठ्या बाईच म्हणत. भिंत गार होती. बाहेर ऊन रणरणत होतं, पण वरच्या मजल्यावरच्या त्या बैठकीच्या खोलीत एसी तर सोडाच, पंखाही बंद होता. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सुनेनेही हळूच एक बोट टेकवून पाहिलं.

आर्किटेक्टला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ऊन, वारा आणि सावली बघून घरं बांधायची, हे खूळ त्याच्या डोक्यात कधीपासून होतं. लोक यायचे, माना डोलवायचे आणि दुसऱ्या कुणाकडून काचेचा डबा बांधून घ्यायचे. शेवटी त्याने स्वतःचंच घर तसं बांधलं. मोठ्या बाई हो म्हणाल्या, तर त्या त्याचं पहिलं गिऱ्हाईक ठरणार होत्या.

"आणि ही सगळी करामत या मनोऱ्याची," भिंतीतल्या लाकडी जाळीकडे बोट दाखवत तो म्हणाला. "खालच्या स्वयंपाकघरापासून थेट छपरापर्यंत पोकळ आहे. गरम हवा यातून वर निघून जाते, मग सावलीतली गार हवा आपोआप आत ओढली जाते. वीज नको, की आवाज नको. अगदी..."

"अगं ताई, घर कसलं, प्रयोगशाळा आहे ती!" जाळी म्हणाली.

तिघांनीही जाळीकडे पाहिलं. आवाज आर्किटेक्टच्या बायकोचा होता. ती खाली स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होती आणि तिचा शब्द न् शब्द गरम हवेबरोबर वर येत होता. मनोऱ्याचा हा गुण आर्किटेक्टला ठाऊकच नव्हता, कारण घरात असला की तो स्वतःच अखंड बोलत असे.

"पश्चिमेच्या खिडक्या मुद्दाम लहान ठेवल्यात," तो आवाज चढवून म्हणाला, "म्हणजे संध्याकाळचं ऊन..."

"थंडीत मी मफलर गुंडाळून भांडी घासते," जाळी म्हणाली. "आणि हा म्हणतो, बघ, हवा कशी खेळती आहे!"

सून खोकली. मोठ्या बाईंचा चेहरा भर वर्गात कुणी शिट्टी वाजवल्यासारखा झाला.

"पाणी आणतो हं," असं म्हणून आर्किटेक्ट जवळजवळ घसरतच जिना उतरला आणि त्याने बायकोच्या हातातला फोन बंद केला.

"अरे, ताई बोलत होती!"

"हळू! वर सगळं ऐकू जातंय!"

"खालचं वर जातं?" बायकोने कपाळावर हात मारला. "मला वाटलं, फक्त वरचं खाली येतं."

"म्हणजे तू माझं..."

"राहायला आलो तेव्हापासून ऐकतेय. परवा मित्राला सांगत होतास ना, माझ्या आईने दिलेला सोफा घराची शोभा घालवतो म्हणून?"

आर्किटेक्टला दरदरून घाम फुटला. त्या घरात घाम येण्याची ती पहिलीच वेळ.

"ते राहू दे आता," तो कुजबुजला. "वरच्या बाई भयंकर कडक आहेत. बांधकामातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण त्या हो म्हणाल्या तरच माझं काही खरं आहे. दोन वाक्यं बरी बोल ना!"

"खोटं बोलू?"

"खरंच बोल, पण बरं बोल!"

बायकोने जरा विचार केला. "उन्हाळ्यात इथे गाढ झोप लागते, हे खरं आहे. ताईकडे बंद खोलीत एसी लावून झोपले तर गुदमरायला झालं. पण थंडीचं तुझं चुकलंय, ते कबूल कर."

"चुकलंय. कबूल."

तेवढ्यात, कुणी शेजारी उभं राहून बोलावं तसा, जाळीतून मोठ्या बाईंचा आवाज आला. "पाणी राहू द्या. कडक बाईंना तहान लागलेली नाही. दोघंही वर या."

दोघं मान खाली घालून वर गेली. मोठ्या बाई सोफ्यावर ऐसपैस बसल्या होत्या.

"आमच्या घरी चार माणसं, चार एसी आणि चार बंद दारं," त्या म्हणाल्या. "जेवायला या म्हणून सांगायलासुद्धा फोन करावा लागतो. कोण हसलं, कोण रुसलं, काही पत्ता नाही. माझं आयुष्य शाळेत गेलं, मला घरात आवाज लागतो हो! बाकी तुम्हाला हवं ते करा, पण हा मनोरा मला पाहिजेच."

इतका वेळ गप्प असलेल्या सुनेने घसा खाकरला.

"दादा, या जाळीला झडप बसवता येते का?"

"येते की. दोरी ओढली की बंद."

"मग ती दोरी खाली, स्वयंपाकघरात ठेवा."

"वर, माझ्या खोलीत," मोठ्या बाई म्हणाल्या.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी सून हसली, मग मोठ्या बाईंनाही हसू आवरेना. आर्किटेक्ट मात्र कुणाचं ऐकावं या पेचात उभा होता. बायकोने त्याच्या खिशातली पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली. त्याने निमूटपणे कागद पुढे ओढला, मनोऱ्याला एक झडप काढली, आणि झडपेला दोन दोऱ्या.