अस्तराचं फूल

"अहो, फुललं का?" बायकोने फोनवर हॅलोच्या आधी विचारलं.

"फुलेल, फुलेल. घाई काय आहे?" असं म्हणून मास्तरांनी खिडकीतून वाफ्याकडे पाहिलं. फूल सकाळीच फुललं होतं, पण ते तिला सांगायची त्यांची छाती होत नव्हती.

गल्ली त्यांना मास्तर म्हणत असली तरी शाळेशी त्यांचं कधीच जमलं नव्हतं. ते शिंपी होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन आणि मागच्या अंगणात बायकोची बाग, अशी संसाराची सरळ वाटणी होती. बायको मशीनला हात लावत नसे आणि मास्तर बागेत फक्त कपडे वाळत घालायला जात. पण बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ही वाटणी मोडली. हॉस्पिटल होतं थोरल्या मेव्हणीच्या, म्हणजे अक्कांच्या गावात. तिथून अक्कांनी तिला उचलून सरळ स्वतःच्या घरी नेलं. मास्तर म्हणाले, "मीही येतो, थोडी मदत होईल." अक्का म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही आलात तर मला दोन पेशंट होतील."

अक्का अशाच होत्या. बहिणीला त्यांनी स्वतःच्या पलंगावर झोपवलं आणि स्वतः सोफ्यावर झोपल्या. व्यायाम चुकवला की ओरडल्या, आणि ओरडून झालं की पाय चेपून दिले. मास्तर रोज फोनवर आभार मानायला जात आणि अक्का रोज फोन ठेवून देत. त्यांनी आयुष्यात कुणाकडून काही घेतलं नव्हतं. भेट दिली की त्या ती देणाऱ्याच्याच पिशवीत गुपचूप परत ठेवत. मास्तरांच्या घरात अक्कांना दिलेल्या आणि परत आलेल्या वस्तूंचं एक अख्खं कपाट होतं.

एकदाच, गेल्या वर्षी, रोपवाटिकेतल्या एका चित्रापुढे त्या थबकल्या होत्या. डबल कोनफ्लॉवर. खाली पाकळ्यांचा साधा घेर आणि मध्ये राणी रंगाचा गच्च गोंडा. अक्का म्हणाल्या, "हं. हे बरंय." अक्कांच्या भाषेत याहून मोठी स्तुती नव्हती. बायकोने तिथल्या तिथे रोप घेतलं. थंडीत ते जमिनीखाली गडप झालं, उन्हाळ्यात पुन्हा वर आलं, आणि आता त्याला तीन कळ्या धरल्या होत्या. बायको बरी होऊन अक्कांबरोबर घरी येणार होती, आणि हे झाड फुलांसकट अक्कांच्या हातात ठेवायचं असा तिने चंगच बांधला होता.

"फुलासकट असलं की ती नाही म्हणणार नाही. पाणी बेताचं घाला. ऊन भरपूर. आणि खत अजिबात नको, त्याला लाड सोसत नाहीत," तिने बजावलं होतं.

मास्तरांनी खत घातलं. एकदाच, पण घातलं. बायकोची इतकी सेवा होत असताना आपण नुसती झारी घेऊन उभं राहायचं, हे त्यांना पटेना.

आणि आता फूल असं फुललं होतं. कडेने पाकळ्यांचा एकेरी घेर, आणि मध्ये गोंडा नाहीच. गोंड्याच्या जागी नुसतं हिरवट तपकिरी, काटेरी टक्कल. दुसऱ्या दिवशी दुसरं फूल उमललं, तेही टकलू. तिसऱ्यानेही भावांचाच कित्ता गिरवला.

"खतानं जळलं," मास्तर स्वतःशीच म्हणाले. ज्या बाईने आपली बायको पायावर उभी करून दिली, तिच्या हातात हे टक्कल द्यायचं?

माणूस अडचणीत सापडला की आपल्या हत्याराकडे बघतो. मास्तरांनी कात्रीकडे बघितलं. कात्रीशेजारी अक्कांचाच कोट पडला होता. त्याचं अस्तर फाटलं होतं आणि नवं अस्तर लावायला म्हणून तो आधीच इथे आला होता. कापड अक्कांनी स्वतः पाठवलं होतं. राणी रंगाचं, अगदी त्या चित्रातल्यासारखं.

"बाहीच्या आत कोण बघतं?" मास्तर म्हणाले आणि त्यांनी एका बाहीचं अस्तर बाजूला काढलं.

त्यांनी झिगझॅग कात्रीने बारीक पाकळ्या कापल्या, चुण्या घालून एकावर एक पाच झालरी रचल्या आणि खाली इलॅस्टिकची पट्टी लावली. पहाटे गल्ली उठायच्या आत त्यांनी तिन्ही फुलांना मापाच्या टोप्या चढवल्या आणि देठाशी एकेक कच्चा टाका घातला. चार पावलं मागे सरून पाहिलं. इतकं सुबक काम त्यांनी लग्नाच्या कपड्यांतही केलं नव्हतं.

गोष्ट इथेच थांबली असती, पण समोर दंतवैद्य बाई राहत. त्या बागमंडळाच्या अध्यक्ष होत्या आणि दवाखान्याबाहेर चष्मा लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्या सकाळी कुंपणाला येऊन खिळल्या.

"मास्तर! हे डबल कोनफ्लॉवर? अहो, माझं दोनदा मेलं! काय घातलंत?"

"काही नाही. थोडं... टाकाटिपा केला."

"आणि बघा, भुंगा येतोय पण बसत नाहीये!" भुंगा खरंच आला, कापडावर टेकला आणि फसवणूक झाल्यासारखा भणभणत निघून गेला. "अस्सल डबलची हीच तर खूण! यात भुंग्याला मध सापडतच नाही!"

त्यांनी फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मंडळाची खजिनदार म्हणजे मास्तरांची बायको. ती तिकडे गुडघा वर करून अक्कांच्या पलंगावर पडली होती. फोन लगेच वाजला.

"अहो, गोंडा भरला?"

"भरला ना."

"इतक्यात?"

"म्हणजे काय, मी लक्ष ठेवून होतो."

पलीकडे उशीत तोंड दाबल्यासारखा आवाज आला. मग विचित्र आवाजात बायको म्हणाली, "हाताला यश आहे हो तुमच्या," आणि तिने फोन ठेवला. तिला भरून आलं असावं, असं मास्तरांना वाटलं. त्या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही.

त्यानंतर एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. टोप्या घट्ट होऊ लागल्या. दव पिऊन कापड आटतंय, असं निदान मास्तरांनी केलं. गिऱ्हाईक अंगाने भरलं की शिवण उसवून सैल करायची, हे त्यांच्या हाताला इतकं सवयीचं होतं की ते रोज पहाटे जाऊन, आत न डोकावता, मुकाट्याने एकेक चुणी सोडून येत. इकडे कोटाच्या बाहीला राणी रंगाचं कापड उरलं नव्हतं. गावात त्या रंगाचं मिळेना. शेवटी त्यांनी कुणाच्या तरी पँटचं उरलेलं राखाडी अस्तर लावलं आणि देवाला हात जोडले.

गाडी आली तेव्हा दंतवैद्य बाई फाटकात हजर होत्याच. बायको काठी टेकत उतरली. मग तिने काठी अक्कांकडे दिली आणि गाडीपासून पायरीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत आली. मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. ती पायरी तिने कित्येक महिने रडल्याशिवाय चढली नव्हती.

"अक्का," मास्तर म्हणाले, "तुमचे उपकार मी..."

"माझा कोट झाला का?" अक्का म्हणाल्या.

कोट आला. अक्कांनी एक हात घातला, दुसरा हात घातला आणि दुसरा हात लगेच बाहेर काढला. बाही उलटी करून पाहिली. "हे राखाडी काय?"

"कापड जरा कमी पडलं."

"मी जास्त दिलं होतं."

"ते सगळं नंतर!" बायको घाईने म्हणाली. "अक्का, आधी बागेत चल. तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय."

सगळी वरात वाफ्याशी पोचली. "बघा, काय गच्च भरलंय!" दंतवैद्य बाई म्हणाल्या. अक्का वाकल्या. त्यांनी फूल न्याहाळलं. मग पहिल्या बाहीतलं राणी रंगाचं अस्तर न्याहाळलं. मग पुन्हा फूल. शेवटी त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, आणि मास्तरांचा धीर सुटला.

"चुकलं माझं!" ते भडाभडा बोलू लागले. "नको म्हटलेलं खत मी घातलं, त्यानं फुलं बोडकी आली. तुम्ही कधी कुणाचं काही घेत नाही. हे एकच घेतलं असतंत, आणि तेच मी घालवलं. तुम्ही सोफ्यावर झोपलात, हिला चालवलंत, आणि मला साधं एक झाड सांभाळता आलं नाही. म्हणून शिवलं. तुमच्याच अस्तराचं शिवलं!"

दंतवैद्य बाईंनी पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

"काढा ते," अक्का म्हणाल्या.

मास्तरांनी खिशातली छोटी कात्री काढली, देठाशी टाका तोडला आणि खाली मान घालून टोपी उचलली. मग हळूच वर पाहिलं. टोपीखाली दुसरा गोंडा होता. गच्च, राणी रंगाचा, दिवसभर टोपी घातलेल्या केसांसारखा एका बाजूने किंचित चपटा.

"हा... हा कुणी लावला?" मास्तरांनी विचारलं.

बायको इतकी हसली की तिला पुन्हा काठी घ्यावी लागली. "अहो, हे फूल आधी असंच उघडतं. टक्कल घेऊन! गोंडा मागाहून भरतो, हळूहळू. खतानं काही झालेलं नाही."

"मग सांगायचं नाही?"

"सांगणारच होते. तेवढ्यात फोटो आला. कुठल्या फुलाच्या पाकळीला झिगझॅग कात्रीची कड असते हो? हसून हसून उशी ओली केली मी. आणि मग रडले. म्हटलं, माझ्या बहिणीसाठी या माणसानं फुलाला कपडे शिवले. आता कुठल्या तोंडानं याला थांबवू?"

मास्तरांनी उपरण्याने तोंड पुसण्याचं निमित्त करून डोळे पुसले. बायकोने झाडाकडे बोट दाखवलं. "अक्का, हे तुझं. नाही म्हणायचं नाही."

"नाही," अक्का म्हणाल्या. बायकोचा चेहरा उतरला. "माझ्या हाताला झाड जगत नाही. गेल्या वर्षी मी हे बरंय म्हटलं ते चित्राला. चित्राला पाणी घालावं लागत नाही म्हणून." मग त्यांनी मास्तरांपुढे तळहात धरला. "ते द्या."

"काय?"

"टोपी."

मास्तरांनी टोपी दिली. अक्कांनी ती कोटाच्या कॉलरवर धरून पाहिली, बहिणीच्या केसांतली पिन ओढून काढली आणि फूल तिथे टाचलं. पिशवीत परत ठेवलं नाही, की कुणाच्या नकळत खाली टाकलं नाही.

"बाही मी बदलून देतो, अक्का," मास्तर पुटपुटले. "तसं कापड शोधून आणतो."

"राहू दे राखाडी." अक्का दुसरीकडे बघत म्हणाल्या. "रोज हात घातला की तुम्ही दोघं आठवाल." आणि कुणी आभार मानायच्या आत त्या तरातरा घरात गेल्या.

त्यांच्या मागून बायकोही काठी टेकत आत गेली, आणि वाफ्याशी मास्तर आणि दंतवैद्य बाई उरल्या. बाईंनी खऱ्या फुलाकडे पाहिलं, अजून टोपीत असलेल्या दोन फुलांकडे पाहिलं, चष्मा पुन्हा पर्समध्ये घातला आणि आवाज खाली आणला.

"मास्तर, पुढच्या आठवड्यात मंडळाचं प्रदर्शन आहे. आणि यंदा माझे गुलाब जरा... तुम्हाला काय सांगायचं... विरळच आलेत."

मास्तरांनी सवयीने गळ्यातली टेप काढली आणि म्हणाले, "माप द्या."