पहिल्या रांगेतला लोड

रविवारी सकाळी साडेसहाला कमळाकर पोंक्षे दाढीच्या आरशासमोर उभा राहून समेवर मान टाकण्याचा सराव करत होता आणि चौथ्या खेपेला मान गेली ती परत आलीच नाही.

"अहो, चहा निवतोय," भामाने स्वयंपाकघरातून हाक मारली.

"जरा इकडे ये. मान अडकली."

"कशात?"

"कशात नाही. जागच्या जागी."

भामा बाहेर आली. नवऱ्याची हनुवटी डाव्या खांद्याला टेकली होती आणि गालावर अर्धा साबण तसाच होता. नवऱ्याचं असं काहीतरी व्हायचंच, अशी तिची लग्नापासूनची समजूत होती. तिने साबण पुसला आणि मीठ भाजायला घेतलं.

कमळाकर पनवेलच्या पोस्टात कारकून होता. पत्रांवर शिक्के मारताना त्याचा हात लयीत पडे. बारा वर्षांपूर्वी कोणीतरी सहज म्हणालं, याला तालाचं अंग आहे. गावाने ते मनावर घेतलं, कमळाकरनेही घेतलं. तेव्हापासून संगीत मंडळाच्या प्रत्येक बैठकीत पहिल्या रांगेतला मधला लोड त्याचा. गवई तान घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन पोचला की कमळाकरची मान पडे आणि तिच्यामागोमाग पनवेलच्या दोनशे माना पडत. पोस्टात त्याला कोणी विचारत नसे, घरी तर प्रश्नच नव्हता. जे काही होतं ते त्या लोडावर.

खरी गोष्ट अशी होती की कमळाकरला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हॉलच्या डाव्या खांबाशी महमूद टेलर बसत. त्यांचं एक बोट गुडघ्यावर हळूच पडे. ते तिरप्या डोळ्याने बघायचं आणि लगेच मान टाकायची, एवढीच कमळाकरची विद्या. ही गोष्ट त्याने भामालासुद्धा सांगितली नव्हती. आजचा सराव मात्र नवा होता. दिवाळीत गिरगावातल्या एका बैठकीत त्याने एका श्रोत्याला डावीकडे झटका देऊन मान टाकताना पाहिलं होतं, आणि ती तऱ्हा आज नऊ वाजता गायला येणाऱ्या आंजर्लेकरबुवांसमोर पनवेलात आणायची असं त्याच्या मनात होतं.

जाड्या मिठाच्या पुरचुंडीने शेकून मान लाल झाली, पण हलली नाही. तेवढ्यात ओवे गावाहून भाजी घेऊन येणारी ठमाबाई दारात टोपली उतरवून बसली. तिने कमळाकरकडे दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं.

"ही लचक नाय. शीर हाय," ती म्हणाली. "आमच्या ओव्याला मी बैलाची मान सरल केलेली हाय. यो तर पोस्टातला मानूस."

"बैलाला काय झालं पुढे?" कमळाकरने खांद्याशी बोलत विचारलं.

"बैल हाय ना. चालतोय."

ठमाबाईने एक हात हनुवटीखाली घातला, दुसरा डोक्यावर ठेवला आणि पिळा दिला. कट् असा आवाज झाला. कमळाकरच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते विझल्यावर कळलं की मान खांद्यावरून सुटली होती, पण आता हनुवटी वर आणि तोंड उजवीकडे अशी पक्की बसली होती. एखाद्याला जगाचा कंटाळा आल्यावर तो जसा बघेल तसा कमळाकर दिसत होता.

"वर तरी झाली," ठमाबाई म्हणाली आणि भामाने पुढे केलेला चहा तिने बशीत ओतला.

"आज घरीच राहा," भामा म्हणाली. "ताप आलाय म्हणून कळवते."

त्याच वेळी मंडळाचे चिटणीस दाजी मोठी सतरंजी मागायला आले. सतरंजी खांद्यावर घेऊन ते कमळाकरच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"काय बघताय वर?"

"पाल आहे," कमळाकर म्हणाला.

दाजींनीही वर पाहिलं. "बरं नसेल तर सांगा हं, कमळाकरराव. मामलेदारसाहेब येताहेत. त्यांना मधला लोड देतो. फक्त एक आहे, साहेब एकदा तिथे बसले की दर वेळी तिथेच बसणार."

"मी येतोय," कमळाकर म्हणाला.

तळ्याजवळच्या शाळेचा हॉल पावणेनऊलाच भरला. कमळाकर लोडाला टेकून बसला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की तोंड उजवीकडे आहे आणि महमूदभाई डावीकडे. बोट दिसणं शक्य नव्हतं. मामलेदार दुसऱ्या रांगेत बसले होते आणि त्यांची नजर लोडावरच होती.

आंजर्लेकरबुवा बैठकीवर आले. त्यांनी समोरच्यांना वाकून नमस्कार केला. कमळाकरने हात जोडले, पण हनुवटी होती तिथेच राहिली. बुवांची एक भुवई वर गेली. तीस वर्षं गाणारा माणूस तो. टाळी कुठे पडते, वाहवा कुठे येते, त्या सगळ्या जागा त्यांना पाठ होत्या. त्यांनी जौनपुरी राग सुरू केला आणि आठ-दहा मिनिटांनी पहिली ठेवणीतली तान घेऊन समेवर डौलात उतरले.

हॉलमधले सगळे डोळे कमळाकरच्या मानेकडे गेले. मान पडली नाही. मग दुसऱ्या कोणाची पडायचा प्रश्नच नव्हता. मागून एकाने "वा" म्हणायला तोंड उघडलं होतं, त्याने जांभई दिल्यासारखं करून ते मिटलं.

बुवांनी आणखी एक तान घेतली, मग आणखी एक. पनवेल ढिम्म. तेव्हा त्यांनी नीट पाहिलं, तर पहिल्या रांगेतला तो गृहस्थ त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो उजवीकडच्या तंबोऱ्याकडे टक लावून बघत होता. बुवा थांबले. त्यांनी तंबोऱ्याला कान लावला. तळ्यावरच्या ओल्या वाऱ्याने पंचमाची तार केसभर उतरली होती.

"वा," बुवा म्हणाले. त्या बैठकीतली पहिली दाद गवयाने श्रोत्याला दिली. हॉलभर कुजबुज झाली आणि मामलेदारांनी लोडावरची नजर काढून घेतली.

तार चढवून बुवांनी पुन्हा षड्ज लावला, पण आता त्यांचा रंग निराळा होता. पाठ केलेल्या जागा त्यांनी सोडून दिल्या. या माणसाला त्या चालणार नव्हत्या. घाम पुसायचंही त्यांना सुचेना. ते एकेक स्वर शोधत, चाचपडत, पुन्हा मागे येत गाऊ लागले. लोकही माना सांभाळत बसले होते, त्यामुळे गाणं ऐकण्याखेरीज त्यांना दुसरं काम उरलं नाही.

कमळाकरचं तर काहीच चालत नव्हतं. बोट दिसत नव्हतं, मान हलत नव्हती. प्रथम त्याने आढ्याच्या तुळया पाहिल्या. मग त्याच्या लक्षात आलं की ही ओळ फिरून फिरून एकाच ठिकाणी येतेय, आणि ते ठिकाण जवळ आलं की आपल्या हाताची बोटं शिक्का धरल्यासारखी आवळली जाताहेत. हे त्याला बारा वर्षांत कधी झालं नव्हतं. बुवा एका लांबच लांब तानेत शिरले, आता हे परत कसे येणार अशी कमळाकरला खरोखर काळजी वाटली, आणि ते नेमके आले. त्या क्षणी कमळाकर मान विसरला. मान आपणहून खाली जायला निघाली, केसाएवढी हलली, आणि जी कळ आली तिने त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

बुवांनी ते पाहिलं. चेहरा दगडासारखा आणि गालांवर पाणी. त्यांनी गाता गाताच त्याला हात जोडले. मग दोनशे माणसं बारा वर्षांचं साठवल्यासारखी एकदम ओरडली.

बैठक संपल्यावर गर्दी ओसरली आणि महमूदभाई चप्पल शोधत कमळाकरपाशी आले.

"कमळाकरभाई, आज तुम्ही हिललाच नाही."

"नाही."

"एक बात सांगू? कोणाला बोलू नका." महमूदभाईंनी आवाज खाली आणला. "बारा साल झाली, मी तुमची मान बघून बोट टाकतो. अब्बांना गाण्याचा शौक होता, म्हणून लोकांना वाटलं मलापण समजतं. इज्जतीचा सवाल होता. आज तुमची मान पडेना, मग करू काय? ऐकत बसलो." त्यांनी सापडलेली चप्पल पायात घातली. "चांगलं असतं हो गाणं."

कमळाकरला आपलंही सांगून टाकायचं होतं. पण नुसतं हो म्हणायलादेखील मान साथ देईना, आणि तोंडाने सांगायचा धीर त्याला झाला नाही.

मान बुधवारी सुटली. पुढच्या सोमवारी पोस्टात दाजींच्या नावचं एक कार्ड आलं. शिक्का मारण्यापूर्वी कमळाकरने ते वाचलं. आंजर्लेकरबुवांनी लिहिलं होतं की पुढच्या वर्षी याच सुमारास पुन्हा येईन, मात्र ते समोरचे न हलणारे गृहस्थ त्याच जागी असले पाहिजेत. इतर गावांतल्या माना बघून मला वीट आला आहे.

वर्षभर कमळाकर प्रत्येक बैठकीला लोडावर ताठ बसला. ते सोपं नव्हतं, कारण आता त्याला गाणं कळू लागलं होतं. सम जवळ आली की मान आपणहून खाली जायला निघे, आणि ती आवरताना त्याला दरदरून घाम फुटे. एकदा त्याला असंही कळलं की महमूदभाईंचं बोट समेनंतर पडतं. ते बोट आता कोणाची मान बघून पडत होतं, हे त्याला उमगेना.

आंजर्लेकरबुवा यायच्या दिवशी तो पहाटे उठून ओटीवर येरझारा घालू लागला.

"काय झालं?" भामाने विचारलं. "मान दुखतेय?"

"ठणठणीत आहे. तीच पंचाईत आहे," कमळाकर म्हणाला. "आज काही ती माझ्याच्याने आवरायची नाही. ठमाबाई आली की आत बोलाव."

ठमाबाई आली. तिने टोपली उतरवली, कमळाकरचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि त्याची मान दोन्ही हातांनी चाचपून पाहिली.

"सरल मान वाकरी करायची?" ती म्हणाली. "ते नाय येत मला. मागल्या साली झाली ती चुकून झाली."