अर्जुनरावांची गूळतुला

अर्जुनरावांच्या साठीला त्यांची गूळतुला करायचं दिंद्रुडच्या कार्यकर्त्यांनी ठरवलं. पन्नाशीच्या तुलेला लागला होता तेवढाच गूळ त्यांच्यातल्या सटवाने आणला आणि ढेपा अर्जुनरावांच्याच घरात रचल्या. विरोधी गटाचा त्रिंबक टपरीवर चहा पिता पिता म्हणाला, "येवढ्यानं काय व्हतंय? दादांचं पोट बघितलं का?"

हे अर्जुनरावांच्या जिव्हारी लागलं. भर चावडीत ते बोलून बसले, "ह्यातला गूळ उरला न्हाई, तर पंचायतीला उभा ऱ्हाणार न्हाई!"

घरी येताच त्यांनी तेल-तूप बंद केलं. कोरडी भाकरी, कोरडी चटणी. पण भूक कुणाच्या बापाचं ऐकते? पोटात कावळे ओरडायला लागले की ते आतल्या खोलीत जात आणि ढेपेचा खडा फोडून तोंडात टाकत. आधी खडा, मग चतकोर, पुढचं विचारूच नका.

सून तेजश्री शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं एकदा त्यांना पकडलंच.

"मामा, गोड जास्त झालं की शरीर त्याचीच चरबी करतंय. आन् ह्या वयात ती हटता हटत न्हाई."

"कावून घाबरवायलीस, पोरी? गुळात तेलाचा थेंब तरी हाय का?"

जानकीबाई नवऱ्याच्या वाटेला गेल्या नाहीत. त्यांनी मुकाट्याने त्यांच्या सदऱ्याची शिवण उसवून सैल करून दिली.

तुलेच्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं तराजू टांगला. अर्जुनराव हार घालून पारड्यात बसले. समोर होता नव्हता तो गूळ चढला, तरी त्यांचं पारडं जमीन सोडेना.

सटवा चक्रावला. "गूळ लई कमी दिसायलाय! दादा, चोरी झाली!"

"मंग पोलिस बोलवा की," त्रिंबक खुशीत म्हणाला. "पंचनामा व्हऊ द्या."

सटवाने खरंच मोबाइल काढला. अर्जुनराव कात्रीत सापडले. खरं सांगावं तर अब्रू जाणार, गप्प बसावं तर दारात पोलिस येणार.

तेवढ्यात जानकीबाई पुढे झाल्या. "पोलिस कावून पायजेत? समदा मुद्देमाल हितंच हाय. ह्या पारड्यातनं त्या पारड्यात गेलाय, येवढंच."

अर्जुनरावांनी शब्द पाळला. पंचायतीला ते उभे राहिले नाहीत. जानकीबाई राहिल्या, आणि त्रिंबकनेही त्यांनाच मत दिलं म्हणतात.