बिना परमिटचा पोपट

"हा शुभम पाचवीत असतानाचा," असं म्हणत मारोतरावांनी कॉलवर सगळ्यांना दिसणाऱ्या स्क्रीनवरचा फोटो मोठा केला, आणि त्याच क्षणी शुभमच्या डोक्यावर एक हिरवा पोपट येऊन बसला.

पोपटाने पंख फडफडवले आणि खणखणीत आवाजात ओरडला, "बधाई हो! कूपन मिल गया!"

व्हिडिओ कॉलवर पलीकडे डोंगरगढचे कृष्णराव आणि त्यांच्या पत्नी राधाबाई बसले होते. कृष्णराव रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, शिस्तीचे. त्यांची मुलगी रश्मी नागपूरहून कॉलवर होती आणि मारोतरावांचा मुलगा शुभम पुण्याहून. रश्मी आणि शुभमचं जवळजवळ जुळलंच होतं. आज फक्त फोटो बघायचे, दोन गोड शब्द बोलायचे आणि तारीख धरायची, एवढंच उरलं होतं.

मारोतरावांनी पोपटाच्या बाजूची फुली दाबली. पोपट गेला. त्याच्या जागी गुलाबी चौकटीत लाल लिपस्टिकवाली एक बाई उगवली. खाली ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, "मारोतराव जी, भिलाई की अकेली महिलाएँ आपका इंतज़ार कर रही हैं."

त्यांनी घाईघाईने तीही फुली दाबली. एक बाई गेली आणि दोन आल्या. पुन्हा दाबली, तर एक डोळा मिचकावायला लागली. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी भागीरथाबाईंनी चष्मा पुसून परत लावला.

"अजी, ह्या कोन हायत?"

"मले का मालूम!"

"तुमाले नावानं बोलावून राहिल्या नं!"

कृष्णराव खाकरले. "मारोतराव, इकडं नेटवर्क जाऊन राहिलं वाटते," ते म्हणाले. नेटवर्क इतकं चांगलं होतं की राधाबाईंनी तोंडावर पदर धरताना वाजलेल्या बांगड्याही भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या मारोतरावांच्या क्वार्टरात स्पष्ट ऐकू आल्या. मग कॉल बंद झाला.

आता तुम्हीच सांगा, यात त्या माणसाचा काय दोष? मारोतराव म्हणजे भिलाईच्या स्टील प्लांटमधल्या रोलिंग मिलचा इलेक्ट्रिकल मेंटेनन्स ज्यांनी जन्मभर सांभाळला ते गृहस्थ. त्यांनी सही केलेलं परमिट हातात असल्याशिवाय पॅनेलचं झाकण उघडायची कोणाची छाती नव्हती. मोठमोठे इंजिनिअर त्यांच्या टेबलाशी परमिट घेऊन ताटकळायचे. आणि त्याच माणसाच्या घरात, त्याच्या स्वतःच्या पैशाने घेतलेल्या मशीनवर कोणीतरी न विचारता, न सांगता पोपट बसवून जावं! वर बायाही सोडाव्या! चोर निदान रात्री तरी येतो. हे भरदिवसा, पाहुण्यांच्या देखत!

शुभमचा फोन आला. "बाबा, ते एक्स्टेन्शन आहेत. ब्राउझरमध्ये घुसतात चुपचाप."

"घुसतात म्हंजे? कोनाले इचारून घुसतात? परमिट कोनं देल्लं?"

"परमिट-वरमिट काही नसते बाबा. वर कोपऱ्यात तीन टिपके दिसून राहिले का? ते दाबा. एक्स्टेन्शनची लिस्ट खोला. जे जे आपलं नाही ते रिमूव्ह करा."

मारोतरावांनी लिस्ट उघडली आणि त्यांचं रक्त उकळलं. आत अख्खं बिऱ्हाड थाटलेलं होतं! रोजचं राशिफळ, हवामान, फोटो गोरा करणारा कोणी, आणखी कोणी तरी ज्याचा धंदा काय तेही लिहिलेलं नव्हतं. मारोतराव एकेकाचं नाव मोठ्याने वाचून "निंघ! तूही निंघ!" असं म्हणत हाकलत गेले. पण पोपट आणि बाया काही हलेनात. त्यांच्यापुढचं बटण करड्या रंगाचं होतं, दाबलं तरी दबत नव्हतं. आणि शेजारी इंग्रजीत लिहिलं होतं की हे तुमच्या ऑर्गनायझेशनने बसवलं आहे.

"शुभम, ऑर्गनायझेशन म्हंजे आपला प्लांट?"

"नाही हो बाबा! ते झूठ लिहितात. हटवता येऊ नये म्हणून..."

"लिहिलेलं हाय नं बे समोर! झूठ कसं असंन?"

"बाबा, ठेवतो. रश्मीचा फोन येऊन राहिला," शुभम कासावीस होऊन म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मारोतरावांना हसू नका. भिलाईत ज्याचा जन्म गेला त्याला दुसरी कुठली ऑर्गनायझेशन माहीत असणार? क्वार्टर प्लांटचं, नळाचं पाणी प्लांटचं, लाईट प्लांटची, पोरगा जन्मला तो दवाखाना प्लांटचा. मग पोपट तेवढा परका कसा? रिटायर माणसावर नजर ठेवायला बसवला असेल, असं त्यांना वाटलं आणि त्यांच्या अंगाची आग आग झाली. त्यांनी कपाटातून 'आदमी काम पे है, स्विच चालू न करें' असं लिहिलेला जुना लाल टॅग काढला, तो मॉनिटरला लटकवला आणि स्कूटरला किक मारली.

प्लांटच्या गेटवर त्यांना अर्थातच आत सोडलं नाही. त्यांनी फोन करून केवलरामला बाहेर बोलावलं. केवलराम त्यांच्या हाताखाली शिकून तयार झालेला. शिफ्ट सुटायची वेळ होती, सायकली आणि मोटारसायकलींची नुसती रीघ लागलेली.

"केवलराम, माह्या कंप्युटरवर प्लांटनं बाया कावून बसवल्या?"

केवलराम मिलच्या घरघराटात उभा जन्म काढलेला माणूस. हळू बोलणं त्याला येतच नव्हतं. तो गेटपासून चौकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब! प्लांटले कामं कमी हायत का, का थे तुमच्या घरी बाया पाठवन?"

रीघ थांबली. सायकलवरून माना वळल्या. मारोतराव स्कूटरवर बसून निघाले, पण बातमी त्यांच्या आधी सेक्टर दोनला पोचली. संध्याकाळी भागीरथाबाई बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परत आल्या.

"भाजी नाई आनली?"

"कशी आनू? समोरची वंदना इचारते, काकू, काका घरीच राह्यतात नं? टमाटर तोलनारा हसून राह्यला होता! तोंड दाखवाची सोय नाई ठेवली तुमी."

"मी नाई ठेवली? मी? ज्यानं हा पोपट पाठवला नं, थो सापडू दे एकडाव मले. त्याच्या घरी जाऊन गर्दन धरतो त्याची! बायकोच्या समोर धरतो!"

हे वाक्य मारोतराव त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत राहिले. दूधवाल्यालासुद्धा. डोंगरगढहून मात्र ना फोन, ना निरोप. भागीरथाबाईंनी राधाबाईंना दोनदा फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला.

शेवटी मारोतरावांनी कॅम्प-एकमधल्या दुकानातून धर्मेंद्रला घरी आणवलं. धर्मेंद्र कंप्युटर दुरुस्त करायचा आणि कोणाशीही हिंदीतच बोलायचा. आल्या आल्या त्याने स्विचकडे हात नेला.

"थांब! टॅग दिसत नाई का? आदमी काम पे है लिखा है!"

"कौन आदमी, अंकल?"

"मी!" असं म्हणून मारोतरावांनी स्वतःच्या हाताने टॅग काढला, बाजूला ठेवला, मगच मशीन चालू करू दिली. धर्मेंद्रने थोडा वेळ इकडेतिकडे पाहिलं, जीभ चावली आणि मान हलवली.

"अंकल, ये प्लांट-व्लांट का नहीं है. आपने कोई फ्री का सॉफ्टवेयर डाला था. ये देखिए, 'मंगल कुंडली मिलान, बिलकुल फ्री'. ये सब बारात उसी के साथ आई है."

त्याने आधी ते कुंडलीचं सॉफ्टवेअर काढलं. मग काळ्या खिडकीत काहीबाही टाईप करून ऑर्गनायझेशनचं खोटं नाव पुसलं. मशीन बंद करून पुन्हा चालू केली. पोपट नाही, बाया नाहीत. पडदा कसा स्वच्छ, धुतल्यासारखा!

"लिंक किसने भेजी थी, अंकल?"

मारोतरावांनी फोन काढला. व्हॉट्सअॅपवर बोट वर वर सरकवत गेले आणि एका जागी ते बोट थांबलं. भागीरथाबाईंनी वाकून पाहिलं. हात जोडलेल्या चित्राखाली मजकूर होता, "यात पाहा मारोतराव, पूर्ण गुण जुळून राहिले." खाली ती लिंक. पाठवणारे कृष्णराव.

"धरा आता गर्दन," भागीरथाबाई म्हणाल्या.

मारोतराव खुर्चीत बसले. असा राग कधी कोणाला आला नसेल! गुन्हेगार सापडला, पुरावा हातात, आणि गुन्हेगार कोण, तर होणारा व्याही. खरं सांगावं तर मुलीच्या बापाला तोंडावर म्हणायचं की बाया तुम्हीच पाठवल्या. न सांगावं तर आपण जन्मभर बायांवाले!

तेवढ्यात शुभमचा फोन आला. आवाज रडवेला. "बाबा, रश्मी बोलून राहिली की तिची आई रिश्ता तोडून राहिली. मला दुसरी कोणी नाही पाहायची. प्लीज, काही तरी करा ना!"

शुभमने आजवर बापाकडे हट्ट म्हणून केला नव्हता. मारोतराव फोन धरून नुसते "हो, हो" करत राहिले. फोन ठेवला आणि दारात ऑटो थांबली.

ऑटोतून कृष्णराव उतरले. मागून राधाबाई. कृष्णरावांच्या दोन्ही हातांत नव्या चादरीत बांधलेलं एक भलंमोठं गाठोडं होतं. मुलीचा बाप गाठोडं घेऊन घरी येतो तो लग्न पक्कं करायला, हे भागीरथाबाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. धावत आत गेल्या, ताट घेऊन आल्या आणि कृष्णरावांनी गाठोडं टेबलावर ठेवता ठेवताच त्यावर हळद, कुंकू, अक्षता वाहून मोकळ्या झाल्या.

"वहिनी, थांबा, त्यात..." कृष्णराव म्हणाले आणि त्यांनी गाठ सोडली. आत कंप्युटरचा डबा होता. पंख्याच्या जाळीतून कुंकू आत गेलं होतं.

"हे काय?" भागीरथाबाई ताट धरून तशाच उभ्या.

"हे इचारा तुमच्या मालकाले!" राधाबाई कडाडल्या. "परवा मी रश्मीचे फोटो पाहाले बसली, तं पोपट! आनि बाया! डोंगरगढच्या बाया, ह्यांच्या नावानं! मी सांगते, माह्या घरात असं कधी नव्हतं. हे म्हनतात, मारोतरावांच्या कॉलमधून आलं. त्यांच्या मशीनचा रोग आपल्या मशीनले लागला."

"कॉलच्या आधी नव्हतं?" मारोतरावांनी विचारलं.

"नव्हतं," कृष्णराव भिंतीकडे पाहत म्हणाले. मग हळूच त्यांनी मारोतरावांकडे पाहिलं. अख्ख्या रेल्वेला शिस्त लावणारे ते डोळे आता अक्षरशः पाया पडत होते: आधीपासूनच होतं, पण बायकोसमोर बोलू नका!

धर्मेंद्रने तोंड उघडलं, "नहीं आंटीजी, ये तो..."

"तू चूप बस!" मारोतराव गरजले.

राधाबाई पुढे आल्या. "भाऊ, खरं सांगा. तुमच्याकडूनच आलं नं?"

मारोतरावांचे कान लाल झाले. मान फुगली. खिशातला फोन त्यांनी मुठीत धरला, सोडला, पुन्हा धरला.

"हो वहिनी," मारोतराव म्हणाले. "आमच्याकडूनच आलं. गलती माही. माफी करा."

राधाबाईंचा चेहरा एकदम निवळला. त्या खुर्चीत बसल्या, पदराने वारा घेतला. "पाहा, मानूस कसा सरळ हाय! तोंडावर कबूल करते. नाई तं आमचे हे! मी म्हनते, ह्याच घरात देऊ पोरगी. काढा तारीख."

कृष्णरावांनी मारोतरावांना कडकडून मिठी मारली. भागीरथाबाई आत गूळ आणायला गेल्या. धर्मेंद्रने फडक्याने कुंकू पुसून कृष्णरावांचा डबा जोडला आणि मशीन चालू केली. पोपट ओरडला, बाया आल्या, राधाबाईंनी तोंड फिरवलं.

"हे सब हटा दे बेटा," कृष्णराव आता चांगलेच सैलावून म्हणाले. "पन पाह्य, थे कुंडलीवालं मत हटाना हां. थे भल्लं कामाचं हाय. मारोतराव, आपल्या समाजाच्या ग्रुपवर मीच टाकलं थे. गोंदियापासून रायपूरपर्यंत घरोघरी डाउनलोड करून राहिले लोकं! फुकटात!"

मारोतराव ताडकन उभे राहिले. तोंड उघडलं. आणि त्या उघड्या तोंडात भागीरथाबाईंनी गुळाचा हा एवढा खडा कोंबला.

"अंकल, हटाऊँ कि रखूँ?" धर्मेंद्रने विचारलं.

मारोतरावांच्या तोंडून नुसता "ऊं, ऊं" असा आवाज आला. भागीरथाबाई धर्मेंद्रच्या कानाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "राहू दे, बाबू. लगन होऊ दे. मंग पाहू."