सासूबाईंची ट्रायल

"कागद सपाट असतो, हे खरं. पण माझ्या हातात येईपर्यंतच!"

कानाए नुमाजिरी हे येईल त्याला ऐकवायची. निप्पोरीच्या कापडबाजारामागच्या गल्लीत राहत्या घरातच तिचं वर्कशॉप होतं. पिळाच्या कपड्यांचे पॅटर्न काढण्यात आपला हात धरणारं तोक्योत कुणी नाही, असं तिचं स्वतःचं मत होतं, आणि ते तसं खोटंही नव्हतं. तिनं कापलेला कागद टेबलावर पसरलेला बघून माणूस विचारायचा, "हा कुणाच्या आतड्यांचा नकाशा?" पण त्याच मापाचं कापड एका चिरेतून ओवून बाहेर काढलं, की छातीवर असा काही पीळ पडायचा आणि त्यातून अशा चुण्या उतरायच्या, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं! मोठमोठे डिझायनर चित्र काढून मोकळे व्हायचे. ते चित्र माणसाच्या अंगावर बसवायचं कसं, हे विचारायला मात्र हिच्याच दारात यायचे.

या सगळ्याचं काडीचंही कौतुक नसलेला एकच जीव होता, आणि तो नेमका घरातच होता. सासूबाई!

इसोआजींनी सारा जन्म किमोनो शिवले. सरळ पट्ट्या, सरळ शिवण. उसवा, धुवा, पुन्हा शिवा. चिंधीएवढं कापड वाया नाही. सुनेच्या टेबलाखालची कात्रणं त्या एकेक वेचून घडी घालून ठेवायच्या. "माणसानं कापड सरळ कापावं, सरळ शिवावं आणि सरळ मरावं," असं त्या म्हणायच्या. "हे काय? पिळून वाळत घातलेलं फडकं!" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सुनेच्या हातचा रुमालसुद्धा त्यांनी कधी वापरला नव्हता. कानाए वरवर हसून सोडून द्यायची, पण मनातून तिला ते फार लागायचं.

त्या सप्टेंबरात आजींचा अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस होता. त्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला सोनेरी बंडी आणि टोपी चढवून मधोमध बसवायचं आणि फोटो काढायचा, ही रीत.

"त्या टोपीत मी भोपळा दिसेन," आजी म्हणाल्या.

कानाएनं संधी साधली. "मग मी शिवते ना, आई! सोनेरी क्रेपचं कापड, छातीवर एकच पीळ. अंगावर काही घातलंय हे कळणारसुद्धा नाही तुम्हाला!"

"कळणार नाही, तर घालायचं कशाला?"

"एकदा घालून तरी बघा."

आजींनी चहाचा घोट घेतला. "बघू," त्या म्हणाल्या.

कानाएचा नवरा मासातो पेपराआडून डोळे विस्फारून बघायला लागला. आईच्या तोंडून 'बघू' म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तोंडून जयजयकार!

"पण मी तासन्‌तास उभी राहणार नाही," आजींनी बजावलं. "तुझ्या त्या बाहुलीला उभं कर."

बाहुली म्हणजे डमी. कानाए हट्टाला पेटली. आजींची बसती, उठती, झोपती मापं घेऊन तिनं डमीवर कापसाचे थर चढवले. पाठीचं पोक, एका बाजूला उतरलेला खांदा, आत गेलेली छाती, सगळं हुबेहूब. काम संपलं तेव्हा खोलीत बिनडोक्याच्या इसोआजी उभ्या होत्या! मग तिनं मांजरपाटाचा पांढरा कच्चा नमुना त्यावर चढवला, पीळ घातला, टाचण्या लावल्या आणि चार पावलं मागे होऊन बघितलं.

का कोण जाणे, तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

तिनं मापं तपासली. मुंढा बरोबर, गळा बरोबर, पीळ तर आजवरचा सगळ्यात देखणा! किमोनोच्या गळ्यासारखा एकावर एक येऊन डाव्या कमरेत कसा अलगद गडप होत होता. तरी नजर तिथं गेली की ठरत नव्हती. पाठ करून बसलं की मानेला गार लागायचं. कुणीतरी मागे उभं आहे, काही बोलत नाही, नुसतं वाट बघतंय, असं वाटायचं. पलीकडच्या खोलीतून आजींचा खोकला ऐकू आला की तिला हायसं वाटायचं. त्या खोकल्यानं कुणाला आनंद व्हावा, हे आक्रीतच!

कापडवाले उसुई क्रेपचे नमुने दाखवायला आले. एरवी माणूस असा बोलका की ते आले की लोक रेडिओ बंद करत. दारातून त्यांनी डमीकडे बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"घरी सगळं बरं आहे ना?"

"मजेत! का हो?"

"नाही, आपलं सहजच."

नमुने ठेवून ते उलट्या पावली निघाले, आणि जाताना त्यांनी डमीला कमरेतून वाकून नमस्कार केला! कानाएनं खिडकीतून बघितलं, तर कोपऱ्यावर उभे राहून उसुई डोकं खाजवत होते. आपण हे काय करून आलो, हे त्यांचं त्यांनाच उमगत नव्हतं.

"तिचं तोंड भिंतीकडे कर," मासातो जेवताना म्हणाला. "माझ्याकडे बघते ती."

"अहो, तिला डोकं नाहीये!"

"म्हणूनच म्हणतोय!"

कानाएनं डमी भिंतीकडे वळवली. सकाळी येऊन बघते तर डमी दाराकडे तोंड करून उभी. पुन्हा वळवली. दुसऱ्या सकाळी पुन्हा दाराकडे! मासातोला विचारलं, तर त्यानं तिकडे जायचंच सोडून दिलं होतं. कानाएनं डमीकडे पाठ करून बसायचं सोडलं. पण वाढदिवस तोंडावर आलेला, आणि आजींचं 'बघू' कधी फिरेल याचा नेम नव्हता. भुताला घाबरून हातातली सासू घालवायची? छे!

तिनं आजींना ट्रायलला बोलावलं.

नमुना अंगात घालून आजी आरशासमोर उभ्या राहिल्या. त्यांची नजर छातीवरच्या पिळावर गेली आणि तिथंच थांबली. कानाए शिव्या खायच्या तयारीनं उभी होती. पण आजींनी पिळावरून नुसता हात फिरवला. आरशातली ती पांढरी म्हातारी त्यांच्याकडे आणि त्या तिच्याकडे, अशा दोघी किती तरी वेळ बघत राहिल्या. मग आजी हळूच हसल्या.

"पीळ छान पडलाय," त्या म्हणाल्या.

कानाएला तिथंच संशय यायला हवा होता! पण इतक्या वर्षांनी कानावर पडलेलं कौतुक. तिचे डोळे भरून आले आणि पुढचं काही दिसेनासंच झालं. ती खाली बसून भराभर टाचण्या लावत सुटली.

"माझे पाय गेले," आजी म्हणाल्या. "मी आडवी होते."

टेबल आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम एका माणसाची जागा होती. आजी तिथं उताण्या झाल्या. डासांची उदबत्ती उशाशी जळत होती. कानाए लोंबणारे दोरे कापत होती, तेवढ्यात उसुईंचा फोन आला. सोनेरी क्रेप आलाय, दुकान लवकर बंद करतोय, लगेच या!

"आई, मी गेले आणि आले. हलू नका हं, सगळ्या टाचण्या आहेत!" हातातली कात्री तिनं जवळच्या सपाट जागी ठेवली, म्हणजे आजींच्या पोटावर, आणि ती पळाली.

उसुईंनी क्रेप उलगडला, चहा मागवला, बायकोला बोलावून क्रेप पुन्हा उलगडला. कानाए परत आली तेव्हा दारात चपला-बुटांची रांग लागली होती.

घर भरलेलं होतं आणि आत कुणीतरी एकसुरात काहीतरी पुटपुटत होतं. आतून चंदनाचा वास आला. मग एक घंटा वाजली, बारीक, लांबलेली.

कानाएच्या हातातलं कापड गळून पडलं.

वर्कशॉपमध्ये शेजारच्या ओनुकीबाई डोळ्यांना पदरासारखा रुमाल लावून बसल्या होत्या. मासातो ऑफिसच्या कपड्यांतच गुडघ्यांवर बसला होता, चेहरा पांढराफटक. मागच्या मठातले महाराज सूत्रपठण करत होते. कोपऱ्यातला दुमडता पडदा कुणीतरी उलटा करून उशाशी उभा केला होता, मयताच्या घरी करतात तसा. आणि मध्ये आजी, अगदी निश्चल, तोंडावर पांढरा रुमाल.

"वहिनी, धीर धरा!" ओनुकीबाईंनी तिला कवटाळलं. "मी सहज खिडकीतून डोकावले हो! आणि केवढी रीतसर तयारी केलीत एकटीनं! डोकं उत्तरेला, उशाला उदबत्ती, भुतंखेतं येऊ नयेत म्हणून पोटावर लोखंड..."

"नाडी... नाडी बघितली?"

"बघायला गेले, तर कचकन टोचलं मला! हात बर्फासारखा. जाता जातासुद्धा टोचायचं सोडलं नाही हो त्यांनी! डॉक्टर निघालेत, पण आता त्यांचं काय काम? कपडासुद्धा तुम्ही बरोबर घातलात. उजवी बाजू डाव्यावर!"

कानाएनं बघितलं.

जिवंत माणसाच्या किमोनोची डावी बाजू उजव्यावर येते. उजवी डाव्यावर घ्यायची ती फक्त प्रेताची. हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण बायकांच्या ब्लाउजची, कोटाची उजवी बाजू डाव्यावर येते, आणि कानाएचा हात जन्मभर त्याच वळणाचा! कोटावर ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण पांढरं कापड, त्यात किमोनोसारखा गळा, आणि आत अठ्ठ्याऐंशीची म्हातारी! उसुईंनी नमस्कार का केला, मासातोला ती आपल्याकडे बघते असं का वाटत होतं, तिच्या मानेला गार का लागत होतं, सगळं एकदम उलगडलं. तिनं आपल्या हातांनी सासूला कफन चढवलं होतं आणि वर कौतुक ऐकून घेतलं होतं.

"मी मारलं त्यांना!" कानाए धाय मोकलून रडायला लागली. "मीच मारलं! आई, मला फक्त एवढंच हवं होतं हो, की तुम्ही माझ्या हातचं काहीतरी अंगावर घालावं. एकदाच!"

महाराजही गहिवरले. घंटा वाजली. सूत्र पुढे सुरू झालं.

आणि रुमाल हलला.

आत ओढला गेला. बाहेर फुगला. पुन्हा आत. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. श्वास होता तो एकट्या त्या रुमालाखाली.

"महाराज," रुमालाखालून आवाज आला, "मधली एक ओळ गाळलीत."

पुढचं काय सांगावं! ओनुकीबाई मोज्यांनिशी गल्लीत पोचल्या. मासातो उलट्या पडद्याला मिठी मारून खाली कोसळला. महाराजांनी मात्र, धन्य त्यांची, गाळलेली ओळ म्हणून टाकली आणि मगच पळ काढला.

"हलू नका म्हणालीस म्हणून हलले नाही," आजी आढ्याकडे बघत म्हणाल्या. "डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून रुमाल घेतला. डोळा लागला. जाग आली तेव्हा महाराज रंगात आले होते. मध्येच बोलणं बरं दिसतं का?"

कानाए घाईघाईनं टाचण्या काढायला लागली. "आई, चुकले मी. आत्ता उलटवते. डावी बाजू वर घेते."

"हात लावू नकोस!"

"पण हे तर..."

"काय आहे ते मला कळत नाही? मुडद्याचे कपडेसुद्धा शिवलेत मी. तू डमीवर चढवलंस त्याच दिवशी बघितलं. रोज पहाटे येऊन तिला माझ्याकडे वळवायचे आणि दारात बघत बसायचे."

"तुम्ही? ती तुम्ही वळवत होता?"

"मग काय बाहुली आपणहून वळेल? शिकलेली बाई तू!" आजींनी बाह्यांतले हात सैल सोडले. पिळाच्या ताणानं ते आपोआप छातीवर आले आणि एकमेकांना टेकले. "हे बघ. मेलेल्या माणसाचे हात जुळवून ठेवायला किती खटपट लागते. बांधावे लागतात. तुझ्या कपड्यात ते आपणहून जुळतात. इतकं सुरेख मला कधी शिवता आलं नाही, कानाए."

कानाएला हसू येईना की रडू येईना.

"वाढदिवसाला मी माझा नेहमीचाच घालणार," आजींनी निकाल दिला. "हा तेव्हासाठी. दोऱ्याच्या गाठी तेवढ्या काढ. त्या कपड्याला गाठ मारत नाहीत. आणि सगळा नीट जमल्याशिवाय मी जाणार नाही, सांगून ठेवते! अर्धवट शिवलेलं घालून मी सासऱ्यांसमोर उभी राहू?"

कानाएनं मान डोलावली. मग तिच्या डोक्यात काहीतरी आलं, आणि गाठी काढता काढता तिनं डाव्या कमरेतली एक चुणी हळूच ढिली केली.

तेव्हापासून दर सप्टेंबरात ट्रायल होते. आजी पांढरा कपडा घालून आरशासमोर उभ्या राहतात, सगळीकडून चाचपतात आणि दरवर्षी एक चुणी चुकलेली निघतेच. त्यांनी हे बाजारभर सांगितलंय. सुनेनं नाव काढलं होतं, पण हात गेला हो तिचा! उसुईसुद्धा हल्ली कीव येऊन तिला चांगल्या चष्मेवाल्याचा पत्ता देतात.

"इतकी वर्षं झाली," परवाच आजी कडाडल्या, "एक चुणी धड जमत नाही तुला!"

"जमेल, आई," कानाए खाली मान घालून म्हणाली. "पुढच्या वर्षी नक्की."