संग्रहालयातला जानोसा

तपासणीची तयारी कशी करावी, हे कोणीही माझ्याकडून शिकावं! जवाहरनगरच्या सरकारी फॅक्टरीत तपासण्यांना तोंड देण्यात जन्म घालवलेला माणूस मी. निवृत्त झालो आणि आमच्या गावच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात संग्रहालय उभं केलं. घराघरांतून मागून आणलेले पाण्याचे पितळी गुंड, पाळणे, सिग्नलचे कंदील, सगळं झकास मांडलं. आता नागपूरहून सरकारी तपासणीला मॅडम येणार होत्या. त्यांनी मान्यता दिली तर संग्रहालय राहणार, नाहीतर स्टेशनाचं धानाचं गोदाम होणार! पण मी निर्धास्त होतो.

त्या सकाळी जाऊन बघतो, तर प्लॅटफॉर्मवर बँड!

आत पाय ठेवायला जागा नाही. जुन्या पाळण्यात कुणाचं तरी बाळ, इंग्रजांच्या काळच्या बाकावर एक आजोबा घोरतायत, आणि तिकीट खिडकीतून चहा वाटतोय आमचा शेजारी परसराम! त्याच्या मुलीचं लग्न होतं.

"परसराम, हे काय लावलंस?"

"जानोसा जी! करडी गावाहून वरात आली. शाळेत परीक्षा सुरू आहे, मंग पाहुन्यायले उतरवाव कुठी?"

"म्हणून संग्रहालयात?"

"तुमीच तं भाषणात बोलले ना, हे गावाचं घर आहे, कवाबी या! चावी तुमच्या घरून काकूनं देल्ली."

बोललो होतो खरं. टाळ्याही पडल्या होत्या! वरपक्षाला गावातली सगळ्यात चांगली जागा द्यायची आमच्याकडे रीत आहे, आणि ती जागा मीच घासूनपुसून तयार ठेवली होती.

"पाया पडतो, यांना हलव! माझं संग्रहालय जाईल!"

"अन् माह्या पोरीची सोयरीक मोडली तं?"

तेवढ्यात जीप थांबली. इस्त्रीची साडी, हातात फाईल, मॅडम उतरल्या. मी पोचायच्या आत नवरदेवाची आई सुलोचनाबाई त्यांच्यापुढे उभी! ही मुलीकडचीच कोणी मोठी बाई, असं तिनं ठरवूनच टाकलं.

"कवाची वाट पाहून राहिलो! एवढी थंडी, अन् लेकरायले आंग धुवाले गरम पानी नाही! असं असते काय?"

तक्रार ऐकताच मॅडमचं पेन उघडलं.

"आणखी काय?"

"चहा पाहा कसा पानचट!"

"मॅडम, या पाहुण्या..." मी तोंड घातलं.

"मध्ये बोलू नका! आधी अभ्यागतांचं मत."

मागे पाहतो तर काय! गरम पाण्याची वाट पाहून कंटाळलेल्या वऱ्हाड्यांनी प्रदर्शनातला सगळ्यात जुना गुंड चुलीवर चढवलेला. काळाकुट्ट! मॅडम तिथं बराच वेळ थांबल्या. मी मनातल्या मनात धानाची पोती रचायला लागलो. मग सुलोचनाबाईनं त्यांना हाताला धरून पंगतीत बसवलं, आणि त्या जेवल्यासुद्धा.

आठवड्यानं फोन आला. मान्यता मिळाली! इतकी माणसं असलेलं संग्रहालय मॅडमनी आजवर पाहिलं नव्हतं म्हणे. मी परसरामला मिठीच मारली! अनुदानाचा पहिला हप्ताही लगेच निघाला. टेम्पोतून आला. अभ्यागतांच्या तक्रारीवरून मंजूर झालेला, भला मोठा गिझर!

तेव्हापासून लोक लग्नाच्या तारखा विचारायला येतात. मी प्रत्येकाला ठणकावून नाही म्हणतो. काल बपेऱ्याची मंडळी आली. कंदिलाकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

"गरम पानी आहे ना जी?"

मी त्यांना आत नेलं आणि गिझरची सविस्तर माहिती दिली. संग्रहालयात आलेल्या माणसाला काही दाखवायचंच नाही का!