विश्वस्त व्हरांड्यात

"ज्या विषयात ज्याचा हितसंबंध, त्यानं तेव्हा व्हरांड्यात जायचं!" विश्वंभररावांनी टेबलावर थाप मारली. "आपल्या ट्रस्टकडे कुणाला बोट दाखवायला जागा उरता कामा नये!"

बडोद्याच्या अकोटा भागातल्या मराठी स्नेहमंडळाचे ते नवे अध्यक्ष. रिफायनरीतून निवृत्त, त्यामुळे नियमाशिवाय माणसाला चैन नाही. चारही विश्वस्तांनी हात वर करून नियम मंजूर केला. पुढचाच विषय निघाला, पुरणपोळी शिबिर कुणी घ्यायचं? अर्ज दोन. एक विश्वंभररावांच्या पत्नी नलिनीबाईंचा, दुसरा विश्वस्त प्रतापसिंहरावांच्या पत्नी सरोजिनीबाईंचा.

"शिबिर मला मिळालं नाही तर जेवायला घरी येऊ नका," असं नलिनीबाईंनी विश्वंभररावांना सकाळीच बजावलं होतं! पण नियम म्हणजे नियम. ते ताठ मानेनं बाहेर गेले. मागोमाग प्रतापसिंहराव.

दोन मिनिटांत तिसरे विश्वस्त मानसिंगराव बाहेर!

"तुम्ही कशाला आलात?"

"अहो, नलिनी माझी मावसबहीण, सरोजिनी माझी मेव्हणी! आत बसू कोणत्या तोंडानं?"

आणि पाठोपाठ चौथ्या विश्वस्त आभाताई. "माझ्या सुनेची एक मामी, एक आत्या. मी पण आलेच!"

बडोद्यातली जुनी मराठी घरं ही! दुसरं काय होणार? आत पंखा रिकाम्या खुर्च्यांना वारा घालत बसला.

तेवढ्यात मंडळात चहा करणाऱ्या गंगाबाई ट्रे घेऊन आल्या. विश्वंभररावांचे डोळे चमकले. गावाच्या दुसऱ्या टोकाला पाणीगेटला राहणाऱ्या गंगाबाई, कुणाच्या नात्यागोत्यात नाहीत!

"गंगाबाई, आत बसा! नलिनीबाई की सरोजिनीबाई, पोळी कुणाची चांगली, ते तुम्हीच सांगायचं."

नलिनीच्या पोळीपुढे टिकायची कुणाची टाप आहे? त्यांना आता घरचं जेवण दिसू लागलं.

गंगाबाई खुर्चीच्या टोकावर जेमतेम टेकल्या. मग उठल्या आणि ट्रेसकट व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या.

"आता तुमचं काय?"

"मला पण बाहेरच यायला लागणार ना, साहेब! दोघींकडच्या पोळ्या दर वर्षी मीच तर करून देते."

अरे देवा! 'आमच्या हिच्या हातची' म्हणून विश्वंभररावांनी बारा वर्षं अर्ध्या बडोद्याला डबे वाटले होते! प्रतापसिंहराव तर बुटांकडेच बघत राहिले. शिबिर गंगाबाईंना मिळालं. एकमतानं, व्हरांड्यातच.

संध्याकाळी विश्वंभरराव भीतभीत घरी गेले. बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. बघतात तर ताटात पुरणपोळी!

"ही मी केलीय, माझ्या हातानं," कमरेवर हात ठेवून नलिनीबाई म्हणाल्या. "खा, आणि खरं सांगा, कशी झालीय?"

तुकडा तोडायला दोन्ही हात लागले. विश्वंभररावांनी घास कसाबसा गिळला, पाणी प्यायले आणि उठले.

"यात माझा हितसंबंध आहे," म्हणाले आणि फ्लॅटला व्हरांडा नसल्यामुळे मुकाट्यानं गॅलरीत जाऊन उभे राहिले.